उशी अलर्ट

प्रिय ताई,

आठ महिन्यांत हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. चारही वेळा बाबांनी चहाला हाक मारली आणि तेवढं निमित्त मला पुरलं. आज ते शेजारच्या काकांबरोबर डोळे तपासायला गेलेत, तासभर तरी येत नाहीत. फोनवर बोललो असतो, पण बाबांचं नाव निघालं की तू विषय बदलतेस आणि मीही बदलू देतो.

ऑफिस तसंच आहे. भिंतीवर तो मोठा पडदा, कुठली बातमी किती जणांनी उघडली त्याचे आकडे दिवसभर पळत असतात. मला तिथे अजून ‘अलर्टराव’ म्हणतात. ते कसं सुरू झालं, तुला एकदा सांगितलं होतं. मोड आलेल्या बटाट्यांची एक रटाळ बातमी होती. मी वैतागून तिच्या डोक्यावर ‘बटाटा अलर्ट’ लिहिलं, आणि ती वादळाच्या बातमीपेक्षा जास्त जणांनी उघडली. संपादकांनी पाठ थोपटली. मग नियमच झाला, लोकांच्या फोनवर जाणाऱ्या प्रत्येक बातमीला अलर्ट लावायचा. चप्पल अलर्ट, जांभई अलर्ट, कुणा नटीच्या घटस्फोटाला अश्रू अलर्ट. आम्हीच लिहायचो आणि आम्हीच हसायचो. बाकीच्या बातमीवाल्यांनीही तो शब्द उचलला. आता आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या पाटीवरसुद्धा आहे.

मनावर घ्यायची ती एकटी आई. फोन वाजला की हातातलं टाकून चष्मा शोधायची, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि मला ऑफिसात फोन करायची. खिडक्या लावून घेऊ का, ती निळी चप्पल टाकून देऊ का. पोरानं लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच, असं बाबांना बजावायची. तू आली होतीस तेव्हा तिने घरातल्या झाडून सगळ्या उशा उसवून ठेवल्या होत्या, आठवतं? तो ‘उशी अलर्ट’ माझाच होता. तू पोट धरधरून हसलीस. मीही हसलो, पण मला तिची लाज वाटली होती, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

बाबा थकलेत. रविवारी सकाळी ते अजून तो सात कप्प्यांचा डबा घेऊन टेबलाशी बसतात. आईच्या आठवड्याच्या गोळ्या भरणं हे त्यांचं काम होतं. आता त्यांची स्वतःची एकच गोळी असते, तरी डबा निघतो. गोळ्यांची पट्टी डोळ्यांशी धरून मागचा बॅच नंबर वाचता येतो का बघतात. येत नाही, मग माझ्याकडून वाचून घेतात, दोनदा. आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू त्यांना सगळ्यांसमोर विचारलंस, त्या नंबरच्या गोळ्या कंपनीने परत मागवल्यात हे जाहीर झालं होतं, तुम्हाला पट्टी उलटून बघता आली नाही का. ते खाली मान घालून बसले. तेव्हापासून तू त्यांच्याशी अबोला धरलायस.

ती बातमीही माझ्याच हातून गेली. मंगळवारी, सकाळी सव्वादहाला. हृदयाचे ठोके आवरायच्या गोळ्या, त्यातल्या एका नंबरच्या पट्ट्यांत औषध दुप्पट भरलं गेलं होतं. नियमाप्रमाणे ‘गोळी अलर्ट’ लिहिलं, पाठवलं आणि पुढच्या, पाठदुखीवरच्या बातमीला लागलो. आई कुठली गोळी घेते, तिचं नाव मला माहीत नव्हतं. संध्याकाळी पडद्यावर ती बातमी खालून तिसरी होती. आई त्याच शुक्रवारी गेली.

तू तेव्हा मलाही विचारलं होतंस, ती तर तुझं अक्षर न् अक्षर वाचायची, मग नेमकं हेच कसं सुटलं. मी म्हणालो, नसेल वाचलं. ताई, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्या उशांच्या वेळी तू येऊन परत गेलीस, त्यानंतरच्या रविवारी मी तिचा फोन घेतला आणि आमचे अलर्ट बंद करून टाकले. म्हटलं, त्यात काही नसतं गं आई, आम्ही आपलं उगाच लिहितो. ती म्हणाली, पण तू लिहितोस ना. समोर बाबा डबा भरत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुझा आठ महिन्यांचा राग त्यांनी अंगावर घेतला, पण माझं नाव घेतलं नाही, आणि मी ते चालवून घेतलं. माफ कर असं लिहीत नाही, त्याने आता काही होणार नाही. मी तेच काम करतोय, आज सकाळीच ‘टॉवेल अलर्ट’ पाठवला. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण बाबांना एकदा फोन कर. त्यांच्या फोनवरचे अलर्ट मी बंद केलेले नाहीत, माझा हातच होत नाही. दिवसातून वीसदा तो वाजतो आणि वीसही वेळा, तुझा असेल म्हणून, ते भिंत धरत उठतात.

तुझाच,
धाकटा