‘सवारी’ची शेवटची कॅसेट

मी, मल्हारराव कान्होजी भापकर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, आता काही नाही, राहणार कंपू, लष्कर, ग्वाल्हेर, हे जे लिहून ठेवतो ते माझ्या मर्जीने लिहितो. मला कोणी दम दिलेला नाही, काही पाजलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे, कारण माझे धाकटे बंधू दिनकरराव मला खुळा ठरवायला मागेपुढे पाहणार नाहीत. दाखल्याची दुसरी प्रत शेजारच्या सुमनताईंकडे दिली आहे. टाचणी निघून कागद हरवला तर त्यांच्याकडे जावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पलटणीत हवालदार होते. संस्थान विलीन झाले, पलटणही विलीन झाली, आणि वडील घरी आले. त्या वर्षी माझी शाळा सुटली. तेव्हा लिहिण्यात चूक असेल तर अर्थ बघावा.

आधी एका शब्दाचा खुलासा. टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये जो प्लास्टिकचा डबा वरून खोचतात, त्याला आमच्याकडे सगळे कॅसेट म्हणतात. माझे वकील मुकुंदराव यांनी पहिल्या मसुद्यात ‘काडतूस’ असा शब्द घातला. का, तर इंग्रजी ‘कार्ट्रिज’ला शुद्ध शब्द तोच. तो मसुदा घेऊन मी नोंदणी कचेरीत गेलो, तेव्हा तिथला बाबू म्हणाला, “बाबूजी, घर में कारतूस हैं? लाइसेंस दिखाइए.” मागच्या बाकावरची माणसे उठून लांब बसली. म्हणून या कागदात सर्वत्र कॅसेट हाच शब्द आहे आणि माझ्या घरात दारूगोळा नाही.

१. घर. कंपूमागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, वरची गच्ची आणि जिन्याखालची जागा माझी मुलगी लीला हिला. ती रायपूरला वीज मंडळात इंजिनीअर आहे. गेल्या वर्षी राज्याचे दोन तुकडे केले, मंडळाचेही केले, आणि माझी मुलगी पलीकडच्या तुकड्यात गेली. मी या एकाच घरात बसून ग्वाल्हेर संस्थान, मध्य भारत, मध्य प्रदेश आणि आता हा कापलेला मध्य प्रदेश, एवढी राज्ये पाहिली. मी जागचा हललो नाही. दर वेळी मोठी माणसे कुठेतरी बसून ठरवतात आणि आमच्या घरातले काहीतरी जाते. माझी याबद्दल तक्रार आहे. ती कुठे नोंदवायची हे माहीत नसल्यामुळे इथे नोंदवतो.

लीलाला घर विकायचे असल्यास विकावे. दिनकररावांना विकू नये. त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे करून घेऊ नये म्हणून गिऱ्हाइकाची नीट चौकशी करावी.

२. पोस्टातली शिल्लक लीलाला. पासबुक कुठे आहे ते तिला ठाऊक आहे. तिच्या आईने, कै. राजलक्ष्मीने, जागा ठरवली होती ती मी बदललेली नाही.

३. हत्यारे. झाळ लावायची, कावीळ झालेली जुनी सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे जिची मूठ पिवळी पडली आहे ती, दोन्ही मीटर, पकडी आणि पितळी चिमटे हजीरा भागात माझ्या जुन्या दुकानाशेजारी मिक्सर दुरुस्त करणारे गोपाळकृष्ण यांना. त्यांनी माझा चिमटा नेऊन त्याने पापड भाजला होता. आम्ही त्यावरून दिवाळीपर्यंत बोललो नाही. आता त्यांचाच होणार, तेव्हा भाजा म्हणावे.

सुमनताईंना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे मुकुंदराव म्हणतात. सुमनताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मल्हारराव, तुमच्या घरातलं आहे तरी काय? गंजलेले स्क्रू आणि कटकट. दोन्ही मला ऐकू येतंच.”

४. दिनकरराव. यांना काळ्या चिकटपट्टीचे एक अख्खे रीळ देण्यात यावे. तसेच ज्या तीन कॅसेटी त्यांनी मारल्या त्याही द्याव्यात. हा विनोद नाही. कारण लिहितो.

लीला शिकून दिल्लीला एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत लागली होती. तिथे तिने एक खेळ बनवला. नाव ‘सवारी’. स्टेशनवरून टांगा निघतो आणि बाड्याच्या चौकापर्यंत न्यायचा असतो. मधे छोट्या रेल्वेचे फाटक लागते, भाजीवाली आडवी येते, घोडा पाण्याच्या हौदाशी अडतो. चाबूक जास्त मारला तर घोडा बसतो आणि सवाऱ्या उतरून चालू लागतात. कंपनीच्या साहेबाने खेळ पाहिला आणि विचारले, “इसमें मारधाड़ कहाँ है?” लीला म्हणाली, मारले की घोडा बसतो. साहेब म्हणाला, “मैडम, फिर बेचेंगे क्या?” तिच्याबरोबरच्या दोघांनी दिवाळीचा किल्ला बांधायचा एक खेळ केला होता आणि विटीदांडूचा एक. तेही बाजूला ठेवले. मग ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. विलीन हा शब्द मी तेव्हा परत ऐकला. लीला घरी आली. तिने ते तिन्ही खेळ फ्लॉपीवर आणले होते. माळ्यावर फेकायला निघाली होती. मी फेकू दिले नाहीत.

त्यांच्या कॅसेटी मी केल्या. पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे दिनकररावांना आपण काय केले ते कळेल. बाजारात मिळणारी स्वस्त खेळाची कॅसेट घ्यायची, उघडायची, आतली चिप उपटायची. तिच्या जागी कोऱ्या चिपा बसवायच्या, एकीत खेळ आणि दुसरीत चित्रे. त्यांचे पाय जुन्या चिपेशी तंतोतंत जुळत नाहीत. दोनतीन पाय वर उचलून तारेने दुसरीकडे फिरवावे लागतात. चिपेत खेळ लिहायचे यंत्र मी दिल्लीहून आणले होते. ते लीलाच्या कॉम्प्युटरला जोडून लिहायचे. या कोऱ्या चिपेच्या पोटावर एक छोटी गोल काच असते. त्या काचेतून ऊन आत गेले की लिहिलेले पुसले जाते. म्हणून काचेवर काळी पट्टी चिकटवायची, ती कधी काढायची नाही. मी प्रत्येक पट्टीवर ‘हात लावू नये’ असे लिहीत असे.

मागल्या वर्षी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मी इस्पितळात पट्टी बांधून पडलो असताना दिनकरराव घरी आले आणि कपाटातून तिन्ही खेळांची एकेक कॅसेट घेऊन गेले. ते आमच्या समाजाच्या मंडळाचे चिटणीस आहेत. गुढीपाडव्याला त्यांनी हॉलमध्ये चक्क प्रकाशन समारंभ केला. ‘ग्वाल्हेरच्या मराठी कन्येचे अप्रकाशित खेळ’ असा फलक. पाहुण्यांनी लाल फीत सोडली. नारळ, शाल, भाषणे. ज्या कन्येचे खेळ, तिला आमंत्रणही नव्हते. पाहुण्यांना आतले दिसावे म्हणून दिनकररावांनी स्वतः स्क्रू काढून डबे उघडले आणि काळ्या पट्ट्या सोलून टाकल्या. मग त्या उघड्या कॅसेटी मंडळाच्या पश्चिमेकडच्या व्हरांड्यात, उन्हात, फळीवर मांडून ठेवल्या. ग्वाल्हेरचा उन्हाळा. त्या राखीपर्यंत तिथेच होत्या.

मला राखीला कळले. तिन्ही आणून टीव्हीला लावल्या. पडदा राखाडी. एकही सुरू झाली नाही.

“दादा,” दिनकरराव म्हणाले, “टीव्ही बिघडला असेल.”

चाळीस वर्षे टीव्ही-रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला.

मी म्हणालो, “पट्टी का काढलीस?”

“अहो, खाली काच होती ना! किती सुंदर दिसत होती. आणि तुम्ही गिचमिड अक्षरात हात लावू नये लिहिलेलं. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का?”

“तुला अप्रकाशितचा अर्थ कळतो का?”

“दादा, चिडू नका. आपण पुन्हा प्रकाशन करू.”

पुन्हा! फ्लॉपींना तोवर बुरशी लागली होती, लीलाचा कॉम्प्युटर भंगारात गेला होता. पूर्वी नातेवाइकांना दिलेल्या कॅसेटी कोणी हरवल्या, कोणाच्या आपोआप विरल्या, कारण ही चिप झाकून ठेवली तरी म्हातारी होते. किल्ल्याचा खेळ गेला. विटीदांडू गेला. सवारीची एकच कॅसेट वाचली, ती मी खेळत असल्यामुळे टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रातच खोचलेली होती आणि दिनकररावांना त्यात बघायचे सुचले नाही. आता ते रोज येतात. “समाजाची ठेव आहे, दादा, मंडळाच्या नावे करा.” सिटी सेंटर भागातल्या फ्लॅटमधून एवढ्या लांब माझी तब्येत विचारायला ते कधी आले नव्हते.

म्हणून चिकटपट्टीचे रीळ.

५. सवारी. या कलमासाठीच मी मृत्युपत्र करायला घेतले. बाकीचे घर-पैसे कायद्याने लीलालाच मिळाले असते.

पहिल्या मसुद्यात मी असे घातले होते: कॅसेट लीलाला, तिने ती लगेच नव्या चिपेवर उतरवून घ्यावी, दर काही वर्षांनी पुन्हा उतरवावी, कधी पुसू नये, मंडळाला, दिनकररावांना किंवा दिल्लीच्या कोणाला देऊ नये. मुकुंदरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मल्हारराव, कॅसेट तुमची. डबा, झाळ, तारा, चिप, सगळं तुमचं. पण आतला खेळ कोणाचा?”

“लीलाचा.”

“मग जे आपलं नाही ते तुम्ही कोणाला देणार? आणि ज्याचं आहे त्यालाच अटी घालणार?”

मी त्यांना म्हणालो की तुम्ही माझे वकील आहात की दिनकररावांचे, आणि छत्री घेऊन निघून आलो. वाटेत फार राग आला. तो खेळ वाचवला कोणी? माळ्यावरून उतरवला कोणी? बोटे कोणाची भाजली? मी रात्रंदिवस काळजी करतो की चिपेचा पाय मोडेल, घरात चोर शिरेल, मांजर डबा पाडेल, आणि कायदा म्हणतो की आतले तुमचे नाही.

रागाच्या भरात मी रायपूरला फोन लावला. लीलाला सांगितले की तुझ्या नावे सवारी लिहितो आहे आणि वकील असे असे म्हणतो.

ती म्हणाली, “बाबा, मी तर तो खेळ कधीच सोडला. तुम्ही का परेशान होता?”

“सोडला म्हणजे? चांगला आहे तो. घोडा काय सुंदर बसतो.”

“मला ठाऊक आहे घोडा कसा बसतो. मीच बसवला. साहेबाने मला न विचारता बाजूला टाकला. काकांनी मला न विचारता प्रकाशन केलं. आता तुम्ही मला न विचारता अटी लिहिताय. तुमचं राज्य तुम्हाला न विचारता बदललं म्हणून तुम्ही अख्खा जन्म भांडताय ना, बाबा? मग मला एकदा तरी विचारा.”

माझ्या घरात माझ्यासारखे ओरडणारे दुसरे कोणी आहे हे मी विसरलो होतो. शेवटी मी म्हणालो, “बरं. विचारतो. काय करू कॅसेटचं?”

फोनचे बिल वाढत होते.

मग ती म्हणाली, “आणून द्या.”

“पार्सल करतो.”

“पार्सल नको. तुम्ही घेऊन या. आणि तो पुसायचा दिवाही आणा.”

पुसायचा दिवा म्हणजे एक निळसर नळी आहे, लाकडी खोक्यात बसवलेली. चिपा तिच्याखाली ठेवल्या की थोड्या वेळात कोऱ्या होतात. ऊन जे महिन्यांत करते ते ती मिनिटांत करते. जुन्या चिपा पुसून त्यांवर नवी नक्कल लिहायची असेल तर हा दिवा लागतो. सवारी कायमची पुसून टाकायची असेल तरी हाच दिवा लागतो. तिला कशासाठी हवा आहे ते तिने सांगितले नाही. विचारायला माझे तोंड उघडले होते. मी ते मिटले.

तेव्हा कलम पाचमधल्या सगळ्या अटी मी रद्द करतो. मुकुंदरावांनी त्यांवर रेघ मारली आहे आणि रेघेवर मी सही केली आहे. सवारीची कॅसेट या मृत्युपत्रात नाही. माझ्या मरणानंतर ती कोणाला मिळणार नाही, म्हणून दिनकररावांनी, मंडळाने किंवा सरकारने ती या घरात शोधू नये. मंगळवारच्या छत्तीसगड एक्सप्रेसने मी ती मालकिणीकडे पोचवतो आहे. कॅसेट खिशात राहील, दिवा पिशवीत. दोन्ही एकत्र ठेवणार नाही. खालचा बर्थ मिळालेला नाही, ही माझी रेल्वेबद्दलची तक्रार वेगळी.

गाडीत मला काही झाले तर जो कोणी माझा खिसा तपासेल त्याने काळी पट्टी काढू नये. डबा लीलाकडे द्यावा. त्यानंतर काय करायचे ते ती ठरवील, आणि ती जे ठरवील त्यावर कोणी, म्हणजे मीसुद्धा, तोंड उघडू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी स्वतःही चष्मा लावून वाचले, आणि मान्य असल्याने खाली सही करतो.

(सही) मल्हारराव कान्होजी भापकर

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली आणि ज्यांनी माझ्यादेखत केली:
१. मुकुंद विनायक रिसबूड, वकील, लष्कर
२. सुमन गोविंद पानवलकर, शेजारी

स्थळ: लष्कर, ग्वाल्हेर, मध्य प्रदेश, जेवढा उरला आहे तेवढा
तारीख: ९ डिसेंबर २००१