दगडात निजलेला वायू

आप्पा, आज टेम्पोच्या कागदावर सही केली आणि मग ही वही उघडली. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की सगळं मुळापासून सांगावं लागेल. माझा नवराही गेला. त्याचा टेम्पो माझ्या नावावर झाला आणि आता तो तुमची नात चालवते. कडोदऱ्याला साड्यांचे गठ्ठे भरते, सुरतच्या मार्केटात उतरवते. गेल्या महिन्यात एका गॅरेजवाल्याने टेम्पोला नवी पेटी बसवून दिली, थोडे दिवस वापरून बघा म्हणाला. पेटीत राखाडी विटा आहेत. हायड्रोजन वायू त्यांच्यात दगडासारखा घट्ट होऊन राहतो आणि जरा ऊब लागली की क्षणात सुटतो. धूर नाही, मागून नुसती पाण्याची वाफ. संध्याकाळी टेम्पो दाराशी आला की मी पेटीवर हात ठेवून उभी राहते. वाटतं, आत कुणीतरी गाढ निजलंय आणि मी बोलले तर जागं होईल.

मग मला पलसाण्याचं तुमचं बॉयलरघर दिसतं. मी डबा घेऊन आलेय, तुम्ही कोळसा ओढताय. मी भट्टीचं दार काठीने उघडायला जाते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "आगले भ्यानं नही, पन तिले पाठ दावानी नही." आगीला भ्यायचं नाही, पण तिला पाठही दाखवायची नाही. दुसऱ्याच दिवशी तुमच्या बॉयलरच्या परीक्षेचं पुस्तक माझ्या हातात दिलंत. माझी शाळा चौथीत सुटलेली. वाफ, दाब, झडप, असे एकेक शब्द लावत मी त्याच पुस्तकावर वाचायला शिकले. म्हणून पेटीचं माहितीपत्रकही मी तीनदा वाचलं. या वायूची ज्योत भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही, असं त्यात लिहिलंय.

इतकं वाचून चूक मीच केली. खंडेनवमीला टेम्पोची पूजा केली, झेंडूची माळ घातली, आणि तुम्ही बॉयलरच्या फटीत उदबत्ती खोचायचात तशी मी पेटीच्या जाळीत खोचली. पोरीने ती झटकन उपटली, चपलेखाली विझवली. गळालाच तर वायू त्याच जाळीतून बाहेर पडतो. "मम्मी, देवाला धूर दाखवता दाखवता आपलाच झाला असता," म्हणाली आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने कागद पुढे ठेवला. पेटी कायमची घेतली तर धुळ्यापर्यंतच्या फेऱ्या मिळणार होत्या, दोन-दोन दिवसांच्या. मी म्हटलं, "तुझे आजोबा असते तर नाही म्हणाले असते." तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, पण माझे आजोबा आवाजावरून आग ओळखायचे, असं सगळ्यांना सांगत असते. तिने कागदाची घडी केली. नंतर आठ दिवस विषय काढला नाही. जेवायची, भांडं विसळायची, जायची. पेटी उद्या परत जायची होती.

आप्पा, तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पेटीभोवती दोनदा फिरला असता, कान लावला असता, गॅरेजवाल्याला भंडावून सोडलं असतं आणि शेवटी नातीला म्हणाला असता, चाल, माले फिरायी आन, मलाही एक चक्कर मारून आण. पेटीची भीती मलाही फारशी नव्हती. ती धुळ्याला गेली की दिवेलागणीला घरात मी एकटी, एवढंच होतं.

आज दुपारी सही केली. ती कागदाकडे बघत राहिली. "आणि आजोबा?" तिने विचारलं.

"त्यांना मी समजावीन," मी म्हटलं.

तिला वाटतंय, तिच्यासाठी मी बापाचा शब्द मोडला. मघाशी चहा करून दिला, तोही जपून, मोठं काही केलेल्या माणसाला द्यावा तसा. हे पान कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. तो शब्द तुमचा नव्हता, आप्पा, माझाच होता. तिला अजून सांगितलेलं नाही.