तळहातावरचं पाणी

१७ नोव्हेंबर १९५८
आज गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, येऊन पोचलो. जालन्यात मस्तगडातल्या गॅरेजात ट्रकच्या पोटाखाली लोळून जन्म चाललाय. इथं उघडी हवा, काठानं हरभरा आणि जेवण सुगनचंद सेठच्या घरचं. सेठची आई भगवतीदेवी बाजरीच्या भाकरीवर तूप असं ओतते, मला जावईच समजते की काय. काम सोपं आहे. पलीकडचा कापूस आणायला सेठनं होडीच्या मागं मोटर बसवलीय. तिचा कटआउट, म्हणजे डायनामोची वीज बॅटरीत बराबर भरू देणारी डबी, बिघडलाय. नवा मुंबईहून मागवलाय. एका दिवसाचं काम आहे, पण तुपाकडं बघून जरा पुरवून करीन.

१८ नोव्हेंबर
डबी उघडली. आतली टोकं जळून एकमेकांना चिकटलेली. या मोटरीत डायनामो आणि स्टार्टर एकच असतो. टोकं चिकटली की बॅटरीतली वीज उलटी फिरते आणि बंद केलेलं इंजिनही आपोआप फिरायला लागतं, त्याबरोबर पाण्यातला पंखा. घाटावरच्या म्हाताऱ्या पुंजाराम भोयाला हे मी जरा ऐटीतच समजावून सांगितलं. तो मटकन खाली बसला. होडी चालवायचा तो कडूबा, त्याचा पुतण्या. भादव्यात पंख्याला दोर गुंतला, म्हणून कडूबा मोटर बंद करून पाण्यात उतरला, आणि पंखा त्याच्या गळ्यावरून फिरला. बंद केली तरी ही फिरून राह्यली, असं तो सेठला कितीदा सांगत आल्ता म्हणे. सेठनं मात्र गावभर केलं की मोटर चालूच होती, गडी पिऊन होता.

ऐकून माझं डोकंच फिरलं. सेठचं तूप आज गोड लागलं नाही.

१९ नोव्हेंबर
नवा कटआउट बसवला. मोटर झकास चालते. जुनी डबी सेठनं मागून घेतली.

दुपारी कडूबाची बायको द्वारकाबाई आली. या भोयांच्यात पिऊन होडीला पाय लावणं म्हणजे गंगेचा अपमान. त्या घराचा घाटावरचा हक्क जातो, मग लेकरांनीही कधी होडीला हात लावायचा नाही. तिच्या घराचा निवाडा परवा जातीचे पंच करणार आहेत. ती म्हणाली, मिस्त्री, तुमी डोळ्यांनं पाह्यलं ना, मंग तेवढं बोला, दुसरं काही मागून न्हाई राह्यले. मी शब्द दिला.

२० नोव्हेंबर
सेठनं बोलावून शेजारी बसवलं. जालन्यात त्यांच्या नव्या जिनिंगमध्ये हेडमिस्त्रीची जागा आहे, ती माझीच. फक्त पंचांपुढं जरा सांभाळून बोलायचं. ट्रकखालून सुटलो तर घरचे सगळेच सुटतील. आणि मेलेला माणूस काही परत येत नाही.

२१ नोव्हेंबर
त्यांच्यात नुसती तोंडाची शपथ चालत नाही. त्याच होडीपाशी गंगेत उभं राहून, उजव्या तळहातावर पाणी घेऊन बोलावं लागतं. बोललो. मोटरीत काही दोष नव्हता, असं बोललो. द्वारकाबाईच्या घराचा घाट गेला. ती रडली नाही. माझ्या हाताकडं बघत राहिली, आणि मला तिचा राग आला. जेवताना माझी भाकरी ओली झाली, तेव्हा भगवतीदेवी हसून म्हणाली, हात तरी पुसत जा.

२२ नोव्हेंबर
हात वाळत नाही. उन्हात धरला, चुलीपाशी धरला. पुसला की तळव्याच्या खोलगटात पुन्हा तेवढंच पाणी येतं. नदी सध्या नितळ आहे. हे पाणी गढूळ आहे, भादव्यातलं. शाई पसरते म्हणून पेन्सिल घेतलीय.

मोटर बंद असताना पंखा फिरला. नव्या कटआउटची टोकं उघडी होती, दोनदा बघितली. तारा सोडवून बॅटरी खोलीत आणून ठेवली.

२३ नोव्हेंबर
बॅटरी माझ्या खाटेखाली आहे. तरी पंखा फिरतोय— भर दुपारी, हळूहळू. मी जवळ गेलो की जोरात.

सेठ घाटावर उभा होता तेव्हा फिरला नाही. तो हसत होता. मी गेलो आणि—

शपथ मी घेतली. सेठनं नाही.

जालन्याला पळू? हात बरोबरच येणार.

२४ नोव्हेंबर
सकाळी खोकलो तर तोंडातून गढूळ पाणी आलं. पंच पांगलेत, आता पुनवेला बसतील. तोवर मी—

द्वारकाबाईच्या पाया पडलो. खरं सांगतो म्हटलं, आज, आत्ता. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, मला सांगून काय फायदा, पाणी जिथून उचललं तिथंच नेऊन सोडा, तो वाट पाहून राह्यला. मला भीती वाटते म्हटलं. तिनं सूप थांबवलं. मोटरीत खोट न्हाई म्हणले ना तुमी, मंग उतरायला भेता कशाला.

आणि हसली. पहिल्यांदाच.

दुपार
होडीत बसलोय. पंखा थांबलाय. काठावर द्वारकाबाई उभी आहे, पुंजारामही. सेठ कुठंच नाही— शिव्या द्याव्या तर तोही समोर नाही—

उतरण्याआधी लिहून ठेवतो. पुंजारामनं हे पंचांपुढं वाचून घ्यावं. पान भिजतंय— कोपरापर्यंत पाणी—

फिरायला लागला. होडी कलतेय. जल्दी—

मी मच्छिंद्र, मिस्त्री, राहणार मस्तगड, जालना, गंगेला स्मरून लिहून देतो की त्या दिवशी कडूबा