कमळाचा मंगळ

१४ फेब्रुवारी १९५४, मु. सावली.
संशोधन सुरू. ज्योतिष खरं की खोटं, यावर विद्वान नुसते भांडतात; मोजून कुणी पाहत नाही. मी लाकूड डेपोचा मुनशी. सागाच्या ओंडक्याचा घेर मोजताना इंचाचा आठवा भाग सोडत नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं गणित आणि इंग्रजी स्वतःच्या बळावर. पद्धत: गावातल्या शंभर माणसांच्या पत्रिका मांडायच्या, आयुष्याशी ताडायच्या, टक्केवारी काढायची. निकाल काहीही येवो, मी तटस्थ.

२० फेब्रुवारी.
अडचण. जन्मवेळ घड्याळाची कुणाकडेच नाही. गाई रानात निघाल्या तेव्हा, म्हणतात. देवाजी म्हणाला, मले काय मालूम भाऊ, मी तवा लहान होतो. शेजारच्या रुखमाबाईने मुलीची, कमळाची वेळ सांगितली: बाया मोहफुलं वेचून परत आल्या तेव्हा. सकाळचे नऊ धरले.

३ मार्च.
टक्केवारी निम्म्याहून कमी. दोष शास्त्राचा नाही, वेळांचा. आयुष्य तर खरंच घडलेलं असतं. तेव्हा आयुष्यावरून वेळ दुरुस्त करायची. इंग्रजीत याला करेक्शन म्हणतात. उदा. कमळा विशी उलटली तरी बिनलग्नाची, म्हणजे मंगळ असणारच. नवाचे अकरा केले, मंगळ नवव्या घरातून आठव्यात, दोषाच्या घरात आला. त्या साली मोह भरपूर असावा, टोपल्या जड, बाया सावकाश आल्या. आमच्या ताराबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, दोन तास काऊन जी, हत्ती घेऊन येऊन राह्यल्या होत्या का? ताराबाईंच्या पत्रिकेत पती विद्वान निघतो. तिथे दुरुस्ती लागली नाही.

११ मार्च.
ब्याण्णव टक्के. लेख नागपूरला पाठवायचा.

१६ मार्च.
मूल गावचे उमाजी कमळाला पाहायला आले, त्यांचा मुलगा इस्तारी याच्यासाठी. माझ्या कामाची कीर्ती ऐकून आधी माझ्याकडे. पत्रिका मंगळासकट उलगडून दाखवली. त्यांनी दोनदा विचारलं, पक्कं आहे ना जी? म्हटलं, संशोधित आहे. चहा अर्धा टाकून तसेच मोटार गाठायला गेले. मुलगी पाहिलीच नाही.

१७ मार्च.
रुखमाबाईने कुंपणापलीकडून विचारलं, भाऊ, पाव्हणे तुमच्याइथी काही बोलले का? म्हटलं, हवापाण्याचं. नवरा गेल्यापासून तिच्या दारी आलेलं हे पहिलंच स्थळ. मला हे माहीत होतं.

१९ मार्च.
संकल्प: उद्या मूलला जाऊन खरी वेळ सांगणे.

२० मार्च.
डोकं जड. गेलो नाही.

२३ मार्च.
डेपोत लाकूड आलं. नाहीतर गेलोच असतो. शिवाय एक दुरुस्ती मागे घेतली की सगळ्याच घ्याव्या लागतील. एका मुलीपुढे शास्त्राचा विचार करायला हवा. असं लिहिलं खरं, पण परत वाचवत नाही. संध्याकाळी कमळा नेहमीसारखी अंबाडीची भाजी घेऊन आली. भांडं परत द्यायला ताराबाईंना पाठवलं.

२७ मार्च.
अखेर मूलला गेलो. उमाजींना सांगितलं, वेळ नवाची, मुलीला मंगळ नाही. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, काय सांगता मुनशीजी? आमच्या इस्तारीले मंगळ आहे, मंगळाचीच पोरगी धुंडून राह्यलो. त्या दिवशी आनंदानं चहा सोडून पळालो ना मी, घरी सांगाले. आता बोला, नऊ का अकरा?
अकरा, म्हटलं.
मंग आत्ता नऊ काऊन म्हणाले?
तुमची परीक्षा पाहिली, म्हटलं. ते खूश झाले. मोठ्या माणसाचं असंच असते, म्हणाले.

३० मार्च.
लग्न ठरलं. रुखमाबाईने पाटावर बसवून जेवू घातलं. भाऊ, तुमच्या विद्येनं झालं, म्हणाली. ज्योतिष खरं असेल तर बिनमंगळाची पोर मी मंगळाच्या घरी दिली. खोटं असेल तर माझे ब्याण्णव टक्के गेले. इतकी मेहनत घेऊन आज मनापासून वाटतं, खोटं असावं.
हात धुवायला कमळाने पाणी घातलं. हळूच विचारलं, काकाजी, मंगळाले मंगळ कटते म्हणते आई. कोणाले काही होणार नाई ना?
म्हटलं, काही होणार नाही.
पत्रिकेवरून सांगता का?
नाही, म्हटलं. मनानं.
तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.