तूर फुलते तेव्हा घरी

मी, बनुबाई भिमाजी गर्जे, वय अंदाजे सहासष्ट, धंदा पूर्वी ऊसतोड व आता काही नाही, राहणार खांडवाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, माझी बुद्धी जागेवर असताना, कोणाच्या धाकाने नाही की गोड बोलण्याला भुलून नाही, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. लिहिणारे रंगनाथ हे शाळेतून निवृत्त झालेले कारकून आहेत. त्यांनी आधी "धंदा : घरकाम" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. दोन बायकांचे कसले घरकाम?

१. माझे पत्र्याचे दोन खोल्यांचे घर व पुढचा ओटा मुलगा कल्याण यास द्यावा. त्याने मला कधी दुखावले नाही. गुडघे गेले तेव्हा तोच म्हणाला, "आई, आता फडात यायचं न्हाई. घरी बस." मी त्या दिवशी रडले. दिवाळी झाली की भांडी, कोंबड्या, पोरे ट्रकमध्ये घालून टोळीबरोबर निघायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे, एवढेच मला लग्न झाल्यापासून ठाऊक होते. घरी बसतात कसे ते ठाऊक नव्हते.

२. माझ्या एकटीच्या नावावर असलेली दीड एकर जमीन, बांधावरच्या सीताफळांसह, सून रोहिणी कल्याण गर्जे हिला द्यावी. सातबाऱ्यावर तिचे एकटीचे नाव लागावे. यामागचे कारण लिहिणे भाग आहे, पण सांगताना माझी मान खाली जाते.

टोळी गेली की आमचे गाव रिकामे होते. पहिल्या वर्षी मी दार लावून आत पडून राहिले. दुसऱ्या वर्षी बाहेर आले आणि मला दिवस दिसू लागले. सकाळी दव पडलेल्या बांधावरून अनवाणी चालायचे. ओट्यावर पाठ शेकत बसायचे. गोधड्या धुऊन दिवसभर उन्हात टाकायच्या, म्हणजे रात्री अंगावर ऊन घेऊन निजल्यासारखे वाटते. डोळे उघडलेले सीताफळ गवतात झाकून ठेवायचे आणि पिकले की झाडाखालीच खायचे. पुनवेच्या आसपास दिवा न लावता अंगणात जेवायचे. आणि तूर. जन्मभर मी तूर पेरली होती, पण भरात फुललेली कधी पाहिली नव्हती. आम्ही परतायचो तेव्हा सासऱ्यांनी तुराट्या रचून ठेवलेल्या असायच्या. सगळे शेत पिवळे होते आणि मधमाश्यांनी घुमते, हे मला म्हातारपणी कळले.

मला त्यात सुख वाटू लागले आणि त्या सुखाची लाज वाटू लागली. मी इथे उन्हात बसलेली आणि माझ्या जागी रोहिणी तिकडे मोळ्या वाहते. रस्त्याने कोणी आले की मी झटकन उठून हातात खराटा घ्यायची.

मागच्या कार्तिकात शेजारीण रंगुबाई आणि मी झाडाखाली सीताफळ खात होतो. तिच्या नातवाचे काहीतरी सांगून ती मला हसवत होती. तेवढ्यात रोहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तेव्हा तिची टोळी देवळाली प्रवराच्या बाजूला होती. मी सीताफळ पदराखाली घातले.

"आत्याबाई, काय करताय?"

"काय न्हाई. ज्वारी निवडतीय."

"हनुवटीला गर लागलाय तुमच्या."

रंगुबाई हसली. मला हसू आले नाही. रोहिणी चिडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "पुसू नका, असू द्या. मागं पिवळं काय दिसतंय?"

"तूर हाय."

"आपली? फिरवा की फोन. या गं बायांनो, आमची तूर बघा."

मी फोन धरून बांधाने चालले. पडद्यावर चार-पाच तोंडे गोळा झाली, पाचटाने ओरबाडलेली. रोहिणीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "पेरती मी, आन् बघत्यात मधमाश्या." मुकादमाची हाक आली आणि फोन बंद झाला. उरलेले सीताफळ मी रंगुबाईच्या हातात दिले.

३. यंदा दसऱ्याला मी कल्याणला सांगितले की रोहिणी जाणार नाही.

"एकट्या कोयत्याला मुकादम घेत न्हाई, आई. नवरा-बायकोची जोडी लागती."

"मग दुसरं काम बघ."

दोन दिवस त्याने काम शोधले. मग उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेला. आता तिकडे एकटा भाकरी थापतो. त्याचेही मला वाईट वाटते, हे त्याने इथे वाचावे.

घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या दोन शेळ्या व त्यांची पिल्ले रोहिणीची. माझा कोयता कोणालाही देऊ नये. लोहाराकडून त्याचे खुरपे करून घ्यावे.

४. यंदा पावसाने निम्मी तूर आडवी केली, उरलेली फुलली आहे. पण रोहिणी ती बघत नाही. पहाटे उठते आणि अंगण दोनदा झाडते. परवा तिला बळेच ओट्यावर बसवले तर म्हणाली, "समद्या बाया गेल्या आन् मी बसले. मला कसंतरीच हुतंय." वाटेने कोणी चालले होते. ती उठली आणि तिने खराटा घेतला. मी तसे करायची हे तिने कधी पाहिलेले नाही, मी सांगितलेलेही नाही. मला स्वतःची कधी वाटली नव्हती एवढी लाज त्या दिवशी तिला बघून वाटली.

म्हणून अट घालते की दिवाळीपासून तूर काढेपर्यंत रोहिणीने रोज थोडा वेळ काहीही न करता बसावे. रंगनाथ म्हणतात, ही अट कायद्यात बसत नाही. तर विनंती समजावी.

५. धाकटे दीर बिभीषण यांना माझ्या मिळकतीतले काही नाही. "म्हातारी उन्हात लोळती आन् पोरं राबत्यात," असे ते पारावर बोलले. खरे होते म्हणून जास्त लागले. काही मिळणार नसल्याने ते साक्षीदार म्हणून चालतात, असे कळल्यावरून त्यांना बोलावले आहे.

६. पोस्टातल्या पैशांतून माझे दिवस घालावेत. उरतील त्यातून घराला आणखी एक खिडकी पाडावी, पूर्वेला.

हा मजकूर मला व साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. बिभीषण यांनी पेन हातात घेतले आणि परत खाली ठेवले. मग म्हणाले, "वहिनी, पुष्पावतीला मी एकदा बी घरी बस म्हन्लो न्हाई." पुष्पावती ही त्यांची बायको. ती फडातच वारली. हेही लिहा, असे मी रंगनाथांना सांगितले. बिभीषण नको म्हणाले, नंतर लिहू द्या म्हणाले.

ठिकाण : खांडवाडी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य अष्टमी

बनुबाई भिमाजी गर्जे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
१. सहादेव कानिफनाथ बडे (सही)
२. बिभीषण गर्जे, पुष्पावतीचे पती (सही, असेच लिहावे असे त्यांनी सांगितले)