दुसऱ्या अंकासाठी एक भांडण हवंय

३ जून
नव्या नाटकाचा पहिला अंक बायकोला वाचून दाखवला. नाटकातला नवरा समंजस, विचारी. बायको कटकटी. सगळं काल्पनिक. ही एवढंच म्हणाली की छान आहे. भारावली असणार.

४ जून, सकाळी
दिग्दर्शकाचा फोन. दुसऱ्या अंकात नवरा-बायकोत असा ताण हवा की प्रेक्षकांनी खुर्ची घट्ट धरली पाहिजे. रविवारपर्यंत जमलं नाही तर नाटक रद्द. म्हटलं, हातचा मळ आहे! फोन ठेवल्यावर आठवलं, आमच्या घरी भांडणं होतच नाहीत. माझा स्वभाव नडला.

५ जून
संशोधन सुरू. भांडण उकरून काढायचंच. ओला टॉवेल पलंगावर टाकला. हिने तो उचलून माझ्या उशीवर ठेवला. चकार शब्द नाही. किती सोशिक!

६ जून
भाजी अळणी आहे म्हटलं. हिने मिठाचा अख्खा डबा पुढ्यात आणून आदळला. अर्थात, डबा जडच आहे. संसार सुखाचा असला की लेखकाचे असे हाल होतात.

७ जून
हुकमी एक्का काढला. म्हटलं, अगदी आईवर गेली आहेस. ही नुसती बघत राहिली. मग आत जाऊन दार लावून घेतलं. इतकं हळू की मला घाम फुटला. उकाडा फार वाढलाय.

८ जून, रविवार
दिग्दर्शक हजर, कागद कोरा. ही चहा घेऊन आली. त्याला विचारलं, साखर किती? मला काहीच विचारलं नाही. माझा कप ठेवला. फक्त ठेवला. दिग्दर्शकाने खुर्चीचे हात गच्च धरले. ती आत जाताच कुजबुजला, हाच आपला दुसरा अंक! म्हटलं, अरे, ही तर आमच्या घरची नेहमीची शांतता. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. का, कोण जाणे.

२९ जून
काल पहिला प्रयोग. चहाच्या प्रसंगाला सगळं थिएटर चिडीचूप. पण माझ्या समंजस नवऱ्याच्या वाक्यावाक्याला हशा! सगळ्यात मोठ्याने ही हसली. टॅक्सीत मी शांतपणे म्हटलं, लोकांना नवऱ्याची बाजू कळली नाही.

तिथे ही सुरू झाली. थेट लग्नाच्या दिवसापासून. काय ओघ, काय चढ! हरखून खिशातून पेन काढलं, तर ते तिने खिडकीतून बाहेर फेकलं. मग नाइलाजाने ऐकावं लागलं. सगळं खरं होतं. उलट उत्तर द्यायला घरी पोचेपर्यंत एक वाक्य सुचलं नाही, आणि म्हणे मी नाटककार.