ठोकून बसवलेली माती

दि. ३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या रोपवाटिकेतली रोपं माना टाकताहेत. पावसाचं पाणी गटारात न जाता रस्त्याकडेच्या वाफ्यांत मुरावं, म्हणून दोन वर्षं साहेबांच्या मागे लागून हे बारा वाफे मंजूर करून घेतले. आता पाणी दोन-दोन दिवस तुंबतं. डास झाले म्हणून लोक तोंडावर ऐकवतात. वीस तारखेला तपासणी आहे. नापास झाले तर वाफ्यांवर सिमेंट ओतणार. मी फार थकलेय, दादा. रोपंच कीडकी होती का, खरं सांग. एक सोबत पाठवलंय.

रागावू नकोस, वहिनींना नमस्कार.
बयो

दि. ७ जुलै

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या रोपांवर खापर फोडलंस, वाईट वाटलं. मुळं कुंडीतल्या मातीच्या गोळ्याबाहेर बोटभरही गेलेली नाहीत आणि कुजून काळी पडलीत. वाफ्यात लोखंडी सळई हाताने खुपसून बघ. वीतभरही गेली नाही तर दोष मातीचा. वाळू-खत मिसळून भुसभुशीत ठेवायला सांगितलं होतं ना? माती भरताना तिथे कोण होतं, ते आधी विचार. वहिनी म्हणते, इंजिनिअरबाईंना जेवायला तरी सवड मिळते का?

रागावलोय, पण फार नाही.
तुझा दादा

दि. २१ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सळई चार बोटं गेली आणि अडली. माती भरताना तिथे मीच होते. वीस वर्षं रस्तेच केले. भराव पडला की ठोकून बसवायचा, हे अंगात भिनलंय. मजुरांतला म्हातारा विचारत होता, "बाई, यात झाडं लावायचीत ना?" मी त्याला गप्प केलं आणि दोनदा ठोकायला लावलं.

साहेबांना तसं लिहून दिलं. तपासणीपर्यंत एकच वाफा खणून नीट भरता आला. परवा धो धो पाऊस पडला, त्यातलं पाणी तासाभरात मुरलं. तपासणीत तेवढा एकच पास झाला. बाकी अकरा वाफ्यांवर सोमवारी सिमेंट. त्यांतली जगतील अशी चाळीस रोपं काढून ऑफिसच्या जिन्यात ठेवलीत. परत घेशील का? तुझी माफी मागायला दुसरे शब्द सुचत नाहीत.

माया आटू देऊ नकोस.
बयो

दि. २४ जुलै

चि. बयोस,

टेम्पो रविवारी सकाळी येईल. रोपांबरोबर तूही बस.

दादा